धोंड्याच्या महिन्यातली दुरुस्ती

मानवी इतिहासात प्रथमच चूक स्वतःहून सापडणार होती. राजेंद्र सरांनी हे वाक्य उभं राहून म्हटलं, शर्ट खाली ओढून नीट केला आणि ‘शोधा’ या बटणावर क्लिक केलं. काहीच झालं नाही. माऊसचा सेल संपला होता.

भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून माऊसमध्ये घालण्यात आला. त्यामुळं घड्याळ थांबलं, आणि चिकलठाण्याच्या त्या ऑफिसात त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सकाळच राहिली.

ऑफिस म्हणजे रबरी वॉशर बनवणाऱ्या कारखान्याचा वरचा मजला. मे महिन्यात खालून रबराचा वास यायचा आणि वरून पत्रा तापायचा. मधल्या जागेत ‘शुभकार्य’ नावाचं सॉफ्टवेअर तयार होत असे. पडेगावपासून करमाडपर्यंतची बरीचशी मंगल कार्यालयं आणि लॉन्स याच सॉफ्टवेअरवर तारखांची नोंद करायची.

प्रणय हिवराळे खुर्ची ओढून सरांच्या शेजारी बसला. आज चूक सापडायलाच हवी होती. पुढच्या रविवारी त्याच्या बहिणीचं, मेघाचं लग्न होतं. दौलताबाद रस्त्यावरचं गोकुळशेठचं लॉन्स केव्हाच ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि काल कळलं होतं, की त्याच लॉन्सवर, त्याच रविवारी, तात्यासाहेबांनी आपल्या जावयासाठी धोंड्याच्या जेवणाची नोंद केली आहे. अधिक महिना होता. या महिन्यात लग्नं लावत नाहीत, जावयाला बोलावून जेवू घालतात. तात्यासाहेबांचं जेवण म्हणजे पाच गावांचं जेवण. दोन्ही नोंदी ‘शुभकार्य’नं कसलीही कुरकुर न करता घेतल्या होत्या.

हिवराळ्यांच्या घरात मुहूर्त बघायची पद्धत प्रणयच्या आजोबांनीच बंद केली होती. रविवार बघायचा, सगळ्यांना सुट्टी असते. अधिक महिना तर प्रणयनंच सुचवला होता. “धोंड्यात घ्या बाबा, सगळे लॉन्स मोकळे असतात,” असं त्यानं वडिलांना सांगितलं होतं, आणि ते अगदी खरं होतं.

सकाळी त्यानं गोकुळशेठला फोन लावला होता.

“हे बघा प्रणयभाऊ, मला मधी घालू नका,” गोकुळशेठ म्हणाले. “पावती तुमच्या वडिलांकडं बी हाये, तात्यासाहेबांकडं बी हाये.”

“शेठ, आमची नोंद आधीची हाये.”

“व्हय ना. पण कंप्युटरनं त्यांचीबी घेतली ना? कायतरी बघूनच घेतली असंल. आता तुमचा कंप्युटर संध्याकाळपर्यंत जे म्हणंल ते मला मंजूर. मंग मी ज्याला नाय म्हणायचं त्याला म्हणीन, बाबा, मी कुठं नाय म्हणू राह्यलो? कंप्युटर नाय म्हणू राह्यला.”

तात्यासाहेब हे कुठलंही पद नसताना सगळ्या पदाधिकाऱ्यांना एकेरीत हाक मारणारं प्रस्थ होतं. त्यांना नाही म्हणू शकेल असा एकच इसम गोकुळशेठच्या ओळखीत होता, आणि तो कंप्युटर होता.

माऊस चालू झाला. सरांनी नवं साधन उघडलं. हजारो ओळींच्या कोडमधून चूक नेमकी कुठं दडली आहे ते शोधून काढणारं हे साधन सरांनी पुण्याच्या एका परिषदेहून आणलं होतं. आत तीन एआय एजंट होते. पहिला कोडमध्ये शोध घ्यायचा, दुसरा दुरुस्ती करायचा, तिसरा ती दुरुस्ती तपासून मंजूर किंवा नामंजूर करायचा. शेजारच्या टेबलावरच्या मोनिकानं त्यांची नावं शोध्या, दुरुस्त्या आणि सासूबाई अशी ठेवली होती. सासूबाईंच्या मंजुरीशिवाय एकही बदल गिऱ्हाइकापर्यंत जाणार नाही, असा नियम सरांनी कालच काढला होता आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

“आता कुणाला कोड पाठ असण्याची गरजच नाही,” सर म्हणाले. “बोला. साध्या मराठीत विचारायचं.”

प्रणयनं टाइप केलं: एकाच तारखेला, एकाच जागी दोन नोंदी का होतात ते शोधा.

स्क्रीनवर गोल फिरू लागला. खाली कारखान्यात प्रेस आपटत होता. दोन चहा झाले. मग उत्तर आलं.

‘मी संपूर्ण कोड काळजीपूर्वक वाचला आहे. तारखांची नोंद करणारा भाग आढळला नाही. मात्र बद्रीनाथ, इंद्रजीत, दगडाबाई, अतुल अशी अनेक व्यक्तींची नावे आढळली. हा कर्मचाऱ्यांचा खासगी तपशील असावा. तो सुरक्षित ठिकाणी हलवू का?’

“नको म्हण,” सर घाईनं म्हणाले. “आधी नको म्हण.”

यात एजंटची चूक नव्हती. जगात कोडच्या तुकड्याला तो जे काम करतो त्याचं नाव देतात. या कंपनीत ज्या गिऱ्हाइकानं फोनवर आरडाओरडा करून ते काम करून घेतलं, त्याचं नाव द्यायची पद्धत होती. सरांनीच ती पहिल्या वर्षी पाडली होती. त्याच माणसाचा पुन्हा फोन आला, की कुठं बघायचं ते लगेच कळायचं. जनरेटरच्या डिझेलचा हिशोब बद्रीनाथ करायचा. सकाळचं लग्न आणि संध्याकाळचं रिसेप्शन अतुल वेगळं काढायचा. वऱ्हाड ठरल्यापेक्षा जास्त आलं, तर दगडाबाई पंगती वाढवायची. पद्धत अगदी बिनचूक होती, फक्त ती माणसं लक्षात असायला हवी होती. बरीचशी आता गिऱ्हाईक राहिली नव्हती आणि ज्यांनी त्यांचे फोन घेतले ती पोरं पुण्याला निघून गेली होती.

प्रणयनं ही पद्धत एजंटला समजावून सांगितली.

‘ही अत्यंत अभिनव पद्धत आहे,’ एजंट म्हणाला, आणि पुन्हा शोधायला गेला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याला मूळ कारण तीनदा सापडलं. दर वेळी तो ‘मूळ कारण सापडले!’ असं उद्गारचिन्हासह लिहायचा. पहिल्यांदा ते अतुलमध्ये होतं. दुरुस्त्यानं अतुल दुरुस्त केला, सासूबाईंनी मंजूर केला, आणि प्रणयनं चाचणी म्हणून त्या रविवारी एक खोटी नोंद टाकून पाहिली. ती झाली. आता त्या रविवारी लॉन्सवर तीन कार्यक्रम होते.

दुसऱ्यांदा मूळ कारण बद्रीनाथमध्ये निघालं.

“डिझेलमुळं दोन लग्नं होतात?” मोनिकानं विचारलं.

प्रणयनं तेच जरा सभ्य शब्दांत टाइप केलं.

‘आपण अगदी योग्य मुद्दा उपस्थित केला आहे,’ एजंट म्हणाला. ‘बद्रीनाथ हे मूळ कारण नव्हतेच. माझ्या लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.’

तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं, की अडचण कोडमध्ये नसून वापरणाऱ्यांच्या समजुतीत असण्याची शक्यता आहे. प्रणयच्या हातातल्या पेनाची क्लिप तुटली. ती त्यानं टेबलावर नीट ठेवली आणि दुसरं पेन घेतलं.

“शांत डोक्यानं, प्रणय,” सर म्हणाले. “नवीन आहे. शिकेल.”

“सर, लग्न पुढच्या रविवारी आहे.”

“तेच म्हणतोय मी. लवकर शिकेल.”

डबे उघडले गेले. प्रणयचा डबा बंदच राहिला. त्यात आईनं, केसरबाईनं, भाजीसोबत मेघाच्या पत्रिकेची एक जादा प्रत घडी करून दिली होती, सरांसाठी. आधी एक दिली होती. “मोठ्या माणसाला दोनदा द्यावी,” असं तिचं म्हणणं.

दुपारी वडिलांचा फोन आला. कडुबा हिवराळे याच वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. फोनवर ते अजूनही मशीन चालू असल्यासारखे मोठ्यानं बोलत.

“सापडलं का रे?”

“शोधू राह्यलोय, बाबा.”

“मंग मशीन शोधतंय का तू शोधतो?”

“मशीनच शोधतंय. मी बघतोय.”

“बरं,” कडुबा म्हणाले. “करमाडचे पाव्हणे विचारत होते, लॉन्सवर गाड्या लावायला जागा हाये का. मी म्हणलं लई जागा हाये. पोराच्याच कंपनीचं हाये म्हणलं सगळं.”

फोन ठेवल्यावर प्रणयनं एजंटला अर्थ लावायला बंदी केली. मूळ कारण सांगू नकोस, कौतुक करू नकोस, आभार मानू नकोस. फक्त पुढच्या रविवारची तारीख घे, आणि ही तारीख कोडमध्ये ज्या ज्या माणसाच्या हातून जाते त्यांची नावं क्रमानं दे.

नावं आली. पाचवं नाव द्वारकाबाईचं होतं.

प्रणयनं तो तुकडा उघडला. चारच ओळी होत्या. तारीख अधिक महिन्यातली असेल, तर नोंद असो वा नसो, दिवस मोकळा दाखवायचा.

“सर, ह्या द्वारकाबाई कोण?”

सर पुढं वाकले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“अरे, द्वारकाबाई! गोकुळशेठची आई. बापरे, काय बाई होती. म्हणजे आहे अजून. असाच एकदा उन्हाळ्यात धोंडा आला होता. तिला त्या महिन्यात लॉन्सवर कुरडया घालायच्या असायच्या. एवढं मोठं सपाट अंगण दुसरीकडं कुठं मिळणार? पण कुणी नुसती चौकशी करून गेलं, तरी कॅलेंडरवर तो दिवस पिवळा व्हायचा, आणि रखवालदार तिलाच आत सोडायचा नाही. तिच्याच लॉन्सवर! मग तिचा फोन आला. रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला होता मी. ‘धोंड्यात कोण लगीन करतंय? तो आख्खा महिना मोकळा दाखवा!’ झालं. अर्ध्या तासात करून दिलं.”

सर हसत होते. मोनिका हसली नाही. प्रणय स्क्रीनकडं बघत होता.

“मग सर, आम्ही करतो ना,” तो म्हणाला.

“काय?”

“धोंड्यात लग्न.”

सरांचं हसू जागच्या जागी थांबलं, भिंतीवरच्या घड्याळासारखं.

“नाही, म्हणजे, तसं नाही रे. माझ्या तेव्हा डोक्यातच नाही आलं. मला काय, कुणीही कधीही करावं. आणि मागचा धोंडा पावसाळ्यात होता, तेव्हा कुणी विचारलंच नाही. काढून टाक ना. लगेच काढून टाक.”

प्रणयनं चार ओळी काढल्या. नियमाप्रमाणं बदल सासूबाईंकडं गेला. गोल फिरला.

‘नामंजूर. हा बदल केल्यास अधिक महिन्यात विवाहाची नोंद ग्राह्य धरली जाईल. हे अपेक्षित नसावे.’

प्रणयनं लिहिलं: हे अपेक्षित आहे.

‘आपला मुद्दा योग्य आहे. तथापि, उपलब्ध संपूर्ण कोडमध्ये अधिक महिन्यात विवाह होत असल्याचा कोणताही आधार आढळत नाही.’

प्रणयनं लिहिलं: माझ्या बहिणीचं आहे.

‘आपल्या बहिणीस हार्दिक शुभेच्छा. कृपया दुसरी तारीख निवडावी.’

प्रणयनं कीबोर्ड उचलला. मोनिकानं एकदम मान वर केली. पण त्यानं तो फक्त उलटा करून झटकला. त्यातून फरसाणाचे कण पडले.

“सर, तुम्ही सासूबाईंना बाजूला ठेवा. नियम तुमचाच आहे.”

“करतो, करतो,” सर म्हणाले. “फक्त पासवर्ड बघावा लागेल. मेलवर आला होता.” ते मेल शोधायला लागले. हे मात्र त्यांना स्वतःलाच शोधावं लागत होतं.

तेवढ्यात दुरुस्त्याकडून एक निरोप आला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण सकाळचं काम अजून उघडंच होतं, आणि ते तो आपल्या परीनं तडीस नेत होता.

‘आपली अडचण सोडवली आहे. एका तारखेला तीन नोंदी होत्या. त्यापैकी दोन विवाहाच्या असून त्या अधिक महिन्यात असल्यामुळे अवैध ठरतात. त्या वगळल्या आहेत. तिसरी नोंद भोजनाची असून वैध आहे. परस्परविरोधी नोंदी आता शून्य. तपासणी एजंटने मंजुरी दिली आहे. बदल ग्राहकांकडे लागू झाला आहे.’

एक विवाह प्रणयच्या खोट्या नोंदीचा होता. दुसरा मेघाचा.

खाली प्रेस एकदा आपटला आणि थांबला. पाळी सुटली होती.

सरांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कदाचित एकट्यानं ऐकायला नको म्हणून.

“वा साहेब!” गोकुळशेठ होते. “तुमचं मशीन लई भारी हाये. आता एकच नाव दिसू राह्यलं. एकदम क्लिअर.”

“शेठ, थांबा, ते चुकून झालंय. आम्ही परत फिरवतोय.”

“आता काय फिरवता? मी तात्यासाहेबांना फोन करून मोकळा झालो. कंप्युटरनं तुमचंच नाव ठेवलं म्हणलं. लई खूश झाले. म्हणले, कंप्युटरला समजतं.” शेठनं आवाज खाली आणला. “आन् प्रणयभाऊंना सांगा, वाईट वाटून घेऊ नका. मी काही केलेलं नाय.”

“प्रणय इथंच आहे,” सर म्हणाले.

फोन कट झाला.

सरांना पासवर्ड सापडला होता. त्यांनी तो कागदावर लिहून प्रणयपुढं सरकवला. प्रणयनं कागदाकडं पाहिलं आणि त्यावर तुटलेली क्लिप ठेवली, पंख्यानं उडू नये म्हणून.

मग त्याचा फोन वाजला.

“मेसेज आलाय,” कडुबा म्हणाले. या वेळी ते हळू बोलत होते. “वाचू का? ‘आपली नोंद रद्द झाली आहे. आपल्या शुभकार्यास शुभकार्य परिवारातर्फे शुभेच्छा.’ हा तुमच्याच मशीनचा हाये का?”

“व्हय, बाबा.”

“चुकून आला?”

प्रणयनं सरांकडं पाहिलं. सर घड्याळाकडं बघत होते.

“नाय,” प्रणय म्हणाला. “मशीन म्हणतंय का धोंड्यात लगीन होत नाय.”

पलीकडं कडुबा खाकरले.

“मशीनला कुणी सांगितलं?”

“आमीच.”

“बरं,” कडुबा म्हणाले. “बरं. मंग ऐक. विहारापुढचं मैदान हाये. मी सकाळीच अंदाजानं बघून ठेवलं होतं. मंडपवाला आपल्याच गल्लीतला हाये. पाव्हण्यांना फोन करावं लागतील, तेवढं तू ये लवकर. आन् तुझ्या साहेबाला पत्रिका दिली का?”

“देतो.”

“दे. पत्ता पेनानं खोडून दे.”

प्रणयनं डब्यातून पत्रिका काढली. कोपऱ्याला तेल लागलं होतं. त्यानं लॉन्सचं नाव खोडलं, वर विहाराचं नाव लिहिलं आणि सरांपुढं ठेवली. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

निघताना मोनिकानं साधनाचा दिवसअखेरचा अहवाल वाचला. सापडलेल्या चुका: शून्य. दुरुस्त केलेल्या चुका: एक. ग्राहक समाधान: उत्तम.

पासवर्ड मिळाला होता, तरी द्वारकाबाईच्या चार ओळी निघाल्या नाहीत. एवढ्या घाईत चालू सॉफ्टवेअरला हात लावायला नको, असं सरांना वाटलं. धोंडा संपला, की निवांत बघू. प्रणयनं होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. तो रजेवर गेला.

पुढच्या रविवारी पडेगावच्या विहारापुढं मंडप पडला. ऊन कडक होतं, कूलर चार होते आणि त्यातले दोन आवाजच जास्त करत होते. पांढऱ्या साडीतली मेघा घामानं निथळत होती आणि कुणाला पंखा आणू देत नव्हती, कारण त्यानं केस उडत होते. करमाडच्या पाहुण्यांनी गाड्या रस्त्याकडेला लावल्या. राजेंद्र सर सगळ्यांच्या आधी आले होते आणि पाण्याचे जार उचलू लागत होते. त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं.

बर्फ कमी पडला, म्हणून प्रणय टेम्पो घेऊन दौलताबाद रस्त्यानं निघाला. वाटेत गोकुळशेठचं लॉन्स लागलं. इथं आज तात्यासाहेबांचं जेवण. गाड्यांच्या गर्दीत अडकू नये, म्हणून त्यानं टेम्पोचा वेग आधीच कमी केला.

गर्दी नव्हती. कमान नव्हती, मांडव नव्हता, आचारी नव्हते. गेट सताड उघडं होतं. त्यानं टेम्पो थांबवला.

“आज जेवण होतं ना इथं?” त्यानं गेटवरच्या रखवालदाराला विचारलं.

“तात्यासाहेबांचं? ते गेलं हॉटेलात. परवाच. जावई म्हणले, उघड्यावर ऊन लागतं, एसी पाहिजे.”

“मंग आमाला फोन का नाय केला?”

“तुमी कोण?” रखवालदारानं विचारलं.

प्रणयनं खिशातून फोन काढला आणि सवयीनं ‘शुभकार्य’ उघडलं. दौलताबाद रस्ता, गोकुळ लॉन्स, आजचा रविवार. हिरवा चौकोन. मोकळे.

त्यानं आत पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जुन्या साड्या अंथरल्या होत्या. मधोमध छत्री धरून एक म्हातारी बसली होती. साड्यांवर कुरडया वाळत होत्या.